थार आणि एक्सपल्स घेऊन साताऱ्याच्या डोंगरात ऑफरोडिंग: कुठं जावं, काय तयारी करावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे सांगलीचे. एक थार (डिझेल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर, मॅन्युअल) आणि दोन एक्सपल्स २०० बाइक. आजवर दंडोबाकडचे कच्चे रस्ते, जत-आटपाडीचे माळ आणि नदीकाठच्या पाणंदी एवढंच फिरलोय. उसाच्या पाणंदीतला काळा चिखल अंगवळणी पडलाय, पण डोंगरातला चढ-उतार, दगड आणि धुकं यांचा अनुभव नाही.

ऑगस्टमध्ये जोडून सुट्टी आली आहे. डोक्यात मार्ग असा आहे: कराड, पाटण, सडावाघापूर, मग वर पवनचक्क्यांच्या पठारावरून चाळकेवाडी, ठोसेघर आणि साताऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी कास-बामणोली किंवा कोयनेच्या जंगलाकडचा एखादा कच्चा रस्ता. पठारावर हिरव्या गवतात गाड्या सरळ आत घालून फिरवतात असे बरेच व्हिडिओ बघितलेत. तसं कुठं करता येतं? परवानगी लागते का, आणि लागली तर कुणाची?

टायरमधली हवा किती ठेवावी, ओढे कसे ओलांडावेत, आणि फोर बाय फोर एकच असल्यामुळे ती अडकली तर काय करायचं, हेही सांगा. एकजण म्हणतो जाण्याआधी मोठे टायर आणि स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) बसवून घेऊ. खर्च करावा का?

क्लचप्लेट (कराड)

बाइकपुरतं सांगतो, थारवाले बाकीचं सांगतील.

लाल चिखलात पुढचा ब्रेक जपून. बोटभर दाब जास्त झाला की पुढचं चाक निसटतं आणि माणूस कळायच्या आत खाली. उताराला पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिनावर गाडी उतरू द्यायची आणि मागचा ब्रेक हलका. तुमची एक्सपल्स नवी फोर-व्हॉल्व्हची असेल तर एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) मोड आहेत, कच्च्यावर ऑफरोड मोड लावा. उभं राहून चालवा, गुडघे टाकीला चिकटलेले, नजर चाकापुढे नाही तर दहा-पंधरा मीटर लांब. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल.

चाकं ट्यूबवाली आहेत. हवा वीस पीएसआयच्या फार खाली नेऊ नका, दगडावर आपटल्यावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात. दोन्ही बाइकच्या मिळून पुढच्या-मागच्या जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप बरोबर ठेवा. आणि घरी, अंगणात, एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा. पावसात पहिल्यांदा करायचं काम नाही ते.

मोठे टायर आणि स्नॉर्केलवर पैसे घालू नका. नोंदणीवेळच्या गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. तुम्ही म्हणताय त्या मार्गाला कंपनीची गाडी आहे तशी पुरते.

सड्यावरचा ड्रायव्हर (पाटण तालुका)

कृष्णाकाठ, निघण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

मी पवनचक्क्यांच्या देखभालीच्या गाडीवर आहे. बोलेरो कॅम्पर, फोर बाय फोर, मागे हत्यारं, तेलाचे डबे आणि माणसं. पावसात, धुक्यात, रात्री-अपरात्री याच रस्त्यांवर चाक असतं. घरही इथलंच, सड्याच्या कडेखाली आमची वाडी. म्हणून सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, रस्ता सोडून गाडी घालू नका. पावसाळ्यात तर अजिबात नको. कायद्याचं नंतर सांगतो, आधी पाण्याचं.

वरचा सगळा थर जांभ्याचा. त्यावर माती कुठं चार बोटं, कुठं वीतभर, आणि बऱ्याच जागी नुसता उघडा कातळ. जांभा भोकाभोकांचा दगड, पाऊस आत घेतो. ते पाणी खाली काळ्या पाषाणापर्यंत जाऊन अडतं, मग आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झऱ्यानं बाहेर येतं. आमच्या वाडीची टाकी अशाच झऱ्यावर भरते. पावसाळ्यात इथं चार महिने घराबाहेर कपडा वाळत नाही, आणि तरी एप्रिल-मेला हंडे रांगेत लागतात, कारण पडलेला पाऊस उतारानं धावत खाली कोयनेला जातो. उन्हाळ्यात आमच्या वाट्याला येतं ते फक्त सड्यात मुरलेलं पाणी.

काही वर्षांपूर्वी श्रावणात बाहेरून गाड्यांचा ताफा आला आणि आमच्या वरच्या सड्यावर गोल गोल फिरवून गेला. तासाभराचा खेळ. चाकं रुतली तिथली माती सोलून निघाली, खालचा कातळ उघडा पडला. पुढच्या पावसात, जे पाणी पसरून मुरायचं ते त्या चाकोऱ्यांत शिरलं आणि चर पाडून कड्यावरून खाली गेलं. शेजारी एक डबकं होतं, दिवाळीपर्यंत गुरं तिथं पाणी प्यायची. आता ते दसऱ्याच्या आसपास आटतं. म्हातारी माणसं गुरं घेऊन लांबच्या ओढ्याला जातात. चाकोऱ्या आजही तशाच आहेत, तुम्ही आलात की दाखवतो. तिथं नवी माती लगेच कुठून येणार? वाऱ्यानं आणि कुजलेल्या गवतानं ती कणाकणानं साठलेली असते.

फुलांचा अभ्यास करायला कॉलेजची मुलं येतात, त्यांना गाडीतून फिरवताना जे ऐकलं तेही सांगतो. या मातीत कस नसतो, म्हणून इथली सीतेची आसवं बारीक जीव पकडून खाते. निळं-जांभळं फूल, बोटाएवढं झाड, पण मुळाशी सापळे. डबक्यात वायतुरा उगवतो, त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आपल्या साताऱ्यावरून ठेवलेलं. गेंद, तेरडा, कवला हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे तुम्हाला जेव्हा पठार हिरवं आणि मोकळं दिसतं, नेमकं तेव्हाच ते सगळ्यात नाजूक असतं. व्हिडिओत हे दिसत नाही.

आता कायदा. कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक. तिथं गाडी पार्किंगपर्यंत, पुढं पायी. कोयनेच्या जंगलात कच्चा रस्ता शोधायचा विचार काढून टाका. कोयना अभयारण्य आणि तुमच्या सांगली जिल्ह्यातलं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७ वं कलम सांगतं की परवानगीशिवाय अभयारण्यात शिरायचंच नाही, गाडी तर लांबची गोष्ट. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलाला १९२७ च्या वन कायद्याचं २६ वं कलम लागतं. बामणोलीला मात्र जरूर जा, डांबरी रस्ता आहे. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर बसा, वासोटा किल्ला करायचा असेल तर हिवाळ्यात या, परवानगी काढा, बोटीनं पलीकडे जा आणि पायी चढा.

मग चालवायचं कुठं? पवनचक्क्यांच्या रस्त्यांवर, पण विचारून. चाळकेवाडीतून जाणारा मुख्य रस्ता सार्वजनिक आहे. त्याला जे मुरमाचे फाटे फुटतात ते कंपनीनं क्रेन आणि पात्यांचे लांब ट्रेलर वर नेण्यासाठी केलेले. काही मालकीच्या जमिनीतून जातात. फाट्यावर वॉचमन असेल तर त्याला, नसेल तर जवळच्या वस्तीत विचारा. कुठल्या फाट्यावर काम चालू आहे, कुठं केबलसाठी चर खणलाय, हे त्यांनाच ठाऊक असतं. दहापैकी नऊ वेळा माणसं हो म्हणतात. क्रेन उभी असेल किंवा कुणी वर चढलेलं असेल तिकडं मात्र फिरकू नका.

हे रस्ते रुंद दिसतात म्हणून सोपे समजू नका. ट्रेलर वळावा म्हणून वळणं ऐसपैस, पण चढ खडे आहेत. पावसानं मुरूम वाहून जातो आणि वर नुसती खडी राहते. कडेच्या गटारावर गवत वाढलेलं असतं, रस्ता आहे असं वाटून चाक टाकलं की गाडी पोटावर बसते. चढाच्या तोंडाशीच थांबून लो रेंजला (कमी वेग, जास्त जोर) टाका, मध्येच गिअर शोधत बसू नका. थारला दुसरा गिअर बहुतेक ठिकाणी पुरतो. चढात गाडी बंद पडली तर ब्रेक गच्च, इंजिन बंद असतानाच रिव्हर्स गिअर टाका, मग क्लच पूर्ण सोडूनच चावी फिरवा, आणि क्लच दाबल्याशिवाय गाडी चालू होत नसेल तर चालू झाल्यावर तो अगदी सावकाश सोडा, आणि सरळ रेषेत मागं या. क्लच दाबून घरंगळू देऊ नका, आणि चढावर गाडी आडवी करून वळवायला जाऊ नका. आडवी झालेली गाडी उलटते. आमच्याकडे माल भरलेली पिकअप अशीच गेलेली मी पाहिली आहे.

हवा. थारला कच्च्यावर बावीस पीएसआयपर्यंत उतरवा, त्याखाली नको. जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि हवा कमी असली की टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, फुगून बाहेर येतो, तिथंच कापतो. गालाला पंक्चरची पट्टी लागत नाही. डांबरीला लागल्यावर हवा परत भरायची, म्हणून कॉम्प्रेसर पाहिजेच.

धुक्याबद्दल एकच सांगतो. सड्यावर धुकं उतरलं की बोनेटपुढचं दिसत नाही. दिवे खाली, खिडकी उघडी, हॉर्न देत चाला. गुरं रस्त्यावरच बसलेली असतात कारण रस्ता कोरडा असतो. तेही जमत नसेल तर सुरक्षित जागा बघून कडेला थांबा. संध्याकाळी सहानंतर गवे निघतात, म्हणून उजेडात खाली उतरा.

कृष्णाकाठ (सांगली)

काका (वयानं मोठे असाल असं धरतो), मनापासून आभार. झऱ्याचं हे गणित आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही महापूर बघितलेली माणसं, पावसाळी डोंगरात पाण्याची टंचाई असेल हे कधी डोक्यातच आलं नाही. ग्रुपवर तुमचं उत्तर वाचून दाखवलं. गवतात गाडी घालायची नाही हे ठरलं, चौघांचंही.

दोन गोष्टी राहिल्या. ओढे आणि अडकल्यावर बाहेर काढणं. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं लिहिलंय, त्यावर किती भरवसा ठेवायचा? आणि समोरची जमीन कुणाची, जंगल कुठं सुरू होतं, हे बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

रॉकीजमधला कराडकर

मूळचा कराडचा, सध्या डेन्व्हरला. जमीन ओळखण्याच्या प्रश्नावरून लिहावंसं वाटलं, कारण इथं त्याची सोय कशी केलीय ते बघण्यासारखं आहे.

कोलोरॅडोच्या सॅन वान डोंगरात अल्पाइन लूप नावाचा सुमारे १०५ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. लेक सिटी, सिल्व्हरटन आणि युरे या जुन्या खाणगावांना जोडतो. एकोणिसाव्या शतकात चांदी-सोन्याच्या खाणींसाठी खेचरं आणि घोडागाड्या जायच्या, त्याच वाटांवरून आज जीप, एटीव्ही (कच्च्या वाटेच्या छोट्या उघड्या चारचाकी) आणि डर्टबाइक जातात. वाटेत सिनॅमन पास १२,६४० फुटांवर आणि इंजिनिअर पास १२,८०० फुटांवर. आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे अंदाज करा. बर्फामुळे वरच्या खिंडी उन्हाळ्यातले थोडेच महिने उघड्या असतात.

इथल्या फॉरेस्ट सर्व्हिसने २००५ मध्ये नियम केला, त्यानुसार प्रत्येक राष्ट्रीय जंगलाचा वाहनमार्गांचा नकाशा निघतो. फुकट मिळतो. कुठल्या वाटेवर कुठलं वाहन आणि कुठल्या महिन्यांत, ते त्यावर छापलेलं असतं. नकाशावर नाही ती वाट बंद. तिथं पाटी नसली, समोर चाकांच्या खुणा दिसत असल्या, तरी बंद. ऑफ-हायवे वाहनांना राज्याचा वार्षिक परवाना घ्यावा लागतो, त्या पैशातून वाटांची डागडुजी होते. गाडीवर स्टिकर लावताना आपण कशासाठी पैसे दिले ते माणसाला कळतं.

आणि सड्यासारखीच गोष्ट इथंही आहे. झाडांची रेषा संपली की वर टुंड्रा लागतो, जमिनीलगत वाढणारी इवली झाडं आणि पातळ माती. त्यावरून एकदा चाक गेलं तर खूण दशकानुदशकं राहते. म्हणून पंक्चर झालं तरी लोक गाडी रस्त्यातच ठेवतात, कडेच्या गवतावर घेत नाहीत. अरुंद वाटेवर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्यानं मागं जायचं, हा रिवाज कडक पाळला जातो.

आपल्याकडे असा छापील नकाशा हातात मिळत नाही याचं मला फार वाईट वाटतं. सातारा जिल्ह्यात पवनचक्क्यांचे, पाझर तलावांचे, जुन्या गाडीवाटांचे इतके रस्ते आधीच झालेले आहेत. त्यातले थोडे जरी गावांनी नेमून दिले आणि शुल्क ठेवलं तर चालवणाऱ्याला जागा मिळेल आणि वाडीला पैसा. कासला गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती फुलांच्या हंगामात शुल्क घेऊन गर्दी सांभाळते, म्हणजे आपल्या लोकांना हे जमतं.

सड्यावरचा ड्रायव्हर (पाटण तालुका)

कराडकर, तुमचं शेवटचं वाक्य मी सरपंचांना वाचून दाखवणार आहे. शुल्काची कल्पना आमच्या पोरांनीही काढली होती, पण जमीन कुणा एकाची नाही म्हणून अडली. थोडं गायरान, थोडी मालकी, थोडी कंपनीनं घेतलेली, आणि पलीकडं लगेच वनखातं. तरी बोलायला पाहिजे.

कृष्णाकाठ, जमीन ओळखायची तर घरी बसूनच सुरुवात करा. सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गटांचा नकाशा उघडतो. गट नंबरावरून सातबारा बघता येतो, मालकी आहे की सरकार-वन आहे ते तिथं लिहिलेलं असतं. जागेवर आलात की वनखात्याचे हद्दीचे बुरूज बघा, दगड रचून केलेले, बऱ्याचदा चुना मारलेला असतो. बुरजांच्या पलीकडं चाक नाही. शंका आली तर गुराख्याला विचारा. कुठला दगड कुणाच्या हद्दीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता ओढे. ६५० मिलिमीटर ही कंपनीची गोष्ट संथ पाण्यासाठी खरी असेल. आमचे ओढे संथ नाहीत. गुडघ्याएवढं पाणी जोरात वाहत असेल तर ते गाडीचं मागचं अंग सरकवतं. नियम असा ठेवा: जिथून गाडी न्यायची तिथून आधी माणूस काठी घेऊन चालत जाईल. माणसाला पाय ठरवता येत नसतील तर गाडी जाणार नाही. पाणी गढूळ होऊन त्यातून पाला-काटक्या यायला लागल्या म्हणजे वर जोर झालाय, लगेच काठावर या. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा, मग रस्ता कितीही ओळखीचा असो. डोंगरातला ओढा जसा चढतो तसा उतरतोही, वरचा पाऊस थांबला की बऱ्याचदा तास-दीड तासात वाट मोकळी होते. चहा करा, वाट बघा.

पाण्यात शिरताना लो रेंज, पहिला गिअर, एकाच वेगात. मध्ये क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दोन तासांचं काम लाखाच्या बिलावर जातं. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर मेकॅनिकशिवाय चावी फिरवू नका. पलीकडं सुखरूप पोचल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा म्हणजे ते सुकतात.

अडकल्यावर. एकच फोर बाय फोर आहे, तर फावडं हेच तुमचं खरं हत्यार. बहुतेक वेळा गाडी पोटावर बसलेली असते, पोटाखालची माती काढली, चाकापुढं दगड आणि वाळलेल्या फांद्या घातल्या की निघते. चाक फिरवत राहिलात तर खड्डा खोल होतो, म्हणून पहिल्यांदा घसरलं की पाय काढा आणि खाली उतरून बघा. दोरखंड चांगला, गाडीच्या वजनाला पुरणारा, आणि शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) गाडीच्या टो हुकलाच लावा. बंपरला किंवा ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर बांधू नका. तो गोळा तुटून सुटला की गोळीसारखा येतो, माणूस मरतो. ओढताना दोरावर मध्यभागी ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाका आणि बाकीच्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करा. हे शेवटचं मी आमच्या हेल्परना रोज सांगतो, तुम्हालाही हात जोडून सांगतो.

एवढं करून निघाली नाही तर वाडीवर या. ट्रॅक्टर आहे. पैसे विचारून ठरवा, आणि रात्रीची वेळ असेल तर भाकरी खाल्ल्याशिवाय कुणी सोडणार नाही.

माणदेशी (दहिवडी)

मी जरा वेगळं सुचवते. तारीख बदलता येत नसेल तर दिशा बदला. पश्चिमेला महाबळेश्वरकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि आमच्या माण-खटावला जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही. महादेव डोंगररांगेतल्या मुरमाड गाडीवाटा ऑगस्टमध्ये नुसत्या दबलेल्या असतात, धूळ नाही आणि चिखलही नाही. तुमच्या आटपाडीपासून लांब नाही. वर्धनगड, महिमानगड हे किल्ले वाटेवर होतील. तुमच्या बाइकवाल्यांना शिकायला ही जमीन फार चांगली आहे, पडलात तरी दगडांच्या धारांवर पडणार नाही.

फक्त आमचे माळ ओसाड समजू नका. गवताळ कुरणांत लांडगे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, आणि पावसाळा हाच या पक्ष्यांच्या विणीचा काळ. मेंढपाळांचे कळप दिसले की इंजिन बंद करून थांबा, मेंढ्या बिथरल्या की गोळा करायला त्यांना अर्धा दिवस लागतो. गाडीवाट सोडू नका, इथंही सड्यावरच्या काकांचाच नियम.

कृष्णाकाठ (सांगली)

ठरलं. ऑगस्टमध्ये माणदेश, बाइक आणि थार दोन्ही, गाडीवाटांवरूनच. पाटण-चाळकेवाडी डिसेंबरात. काका, डिसेंबरला तुमच्या भागात काय परिस्थिती असते? आणि वॉचमनशी बोलायचं तर आदल्या दिवशी येऊन भेटलं तर चालेल का?

सड्यावरचा ड्रायव्हर (पाटण तालुका)

डिसेंबर उत्तम. मुरूम बसलेला असतो, ओढे घोट्याएवढे. हवा स्वच्छ असली तर सड्याच्या कडेवरून कोयनेचं पाणी दिसतं. गवत मात्र वाळलेलं असतं, म्हणून गरम सायलेन्सर गवतावर टेकवून बाइक उभी करू नका, काडी-सिगारेट तर सड्यावर नकोच. वणवा लागला की गुरांची वैरण जाते, वर्षभराची.

आदल्या दिवशी आलात तर फार बरं. वॉचमन पाळी बदलतात, म्हणून सकाळी आठच्या सुमाराला भेटा, तेव्हा रात्रीचा आणि दिवसाचा दोघंही असतात. गाड्यांचे नंबर आणि एक फोन नंबर त्यांच्या वहीत लिहून द्या. डिझेल-पेट्रोल पाटणलाच भरून घ्या, वर पंप नाही. इथं खाजगी निरोपाची सोय आहे, त्यावर तारीख कळवा, मी सुट्टीवर असलो तर फाट्यापर्यंत येतो आणि झरा कुठं आहे तेही दाखवतो.